बावचीचं ऊन

पहिला डाग माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली आला, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी तेव्हा अकरावीत होते, धरणगावला. आईला आधी वाटलं, मी दात घासून तोंड नीट धुतलं नाही. तिनं पदराचं टोक ओलं करून तो पुसला, मग जोरानं पुसला, मग हनुवटी धरून मला दारातल्या उजेडात नेलं आणि हळूच म्हणाली, "काय शे हाई?" आई धुळ्याकडच्या खेड्यातली. एरवी ती आमच्यासारखंच बोलायची, पण घाबरली की माहेरची बोली तिच्या तोंडी यायची. त्यामुळे पुढचं तिनं काही सांगायची गरज उरली नाही.

वडील हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्वचेचे थर, त्यातलं रंगद्रव्य, ते तयार करणाऱ्या पेशी हे सगळं ते फळ्यावर रंगीत खडूंनी इतकं सुरेख काढायचे की तास संपला तरी पुसायला कुणी उठायचं नाही. त्या माणसानं चष्मा कपाळावर चढवून माझा डाग पाहिला आणि विचारलं, "दूध आणि मासे एकत्र खाल्ले होतेस का कुठे?"

आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता.

आधी मला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, दुखत नाही, खाजत नाही, दुसऱ्याला होत नाही, महारोगाशी याचा काही संबंध नाही, कोड आहे. वाढेल किंवा नाही वाढणार. हे सगळं त्यांनी सर्दी-पडशाचं सांगावं तितक्या थंडपणानं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नानांना तेच आवडलं नाही. ज्या दुखण्याचं डॉक्टरला काही वाटतच नाही, त्याचं औषध त्याच्याकडे कसं असेल, असा त्यांचा तर्क होता. वर्गात त्यांनी कुणा मुलाचा असला तर्क खपवून घेतला नसता.

मग घरात माणसं यायला लागली. प्रत्येकाजवळ एक कारण आणि एक उपाय. कुणी म्हणालं, मागच्या जन्मी गाय मारली असेल. कुणी म्हणालं, मीठ बंद करा. नानांची बहीण, म्हणजे माझी आत्या, आमच्याच गल्लीत राहायची आणि दुपारचा चहा आमच्याकडे घ्यायची. ती एक दिवस येताना नखं रंगवायची बाटली घेऊन आली आणि माझ्या पेल्याच्या बुडाला लाल ठिपका लावून गेली. का, ते बोलली नाही. म्हणाली, "आपली एक खूण असलेली बरी." ती गेल्यावर मी तिच्या घरी जाऊन तीच बाटली मागून आणली आणि आमच्या घरातल्या एकूण एक पेल्याला, तांब्याला, फुलपात्राला ठिपका लावला. आत्या पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे आली की ओंजळीनं पाणी प्यायची. पदर सावरत, मान वाकडी करून. मला फार बरं वाटायचं.

गावात एक म्हातारे वैद्य होते. सगळे त्यांना आबा म्हणत. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं जडीबुटीचं दुकान होतं, आणि दुकानात गेलं की सुंठ, हिरडा आणि उंदरांचा एकत्र वास यायचा. आबांनी माझा डाग अंगठ्यानं दाबून, ताणून पाहिला. घरातल्या माणसांनी तोवर हात लावणं सोडलं होतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. त्यांनी बावचीचं बी दिलं. गोमूत्रात भिजत घालायचं, रोज गोमूत्र बदलायचं, मग सालं काढून वाटायचं, डागावर अगदी पातळ लावायचं आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात बसायचं. वर खैराच्या सालीचा काढा.

"किती वेळ बसायचं?" नानांनी विचारलं.

"पहिल्यांदा पाच मिनिटं. कातडी लाल झाली की उठायचं. फोड आला तर आठ दिवस बंद."

"आणि रंग किती दिवसांत येईल?"

आबा हसले. "मास्तर, येईल, नाहीतर येणार नाही. बावची कुणाला लागते, कुणाला नाही. छातीठोक सांगणारा भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका."

तेवढं एकच वाक्य नाना विसरले.

बावचीचं ऊन ज्यानं घेतलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. मी घराच्या सपाट मातीच्या धाब्यावर पोतं टाकून पूर्वेकडे तोंड करून बसायची, ओठाखाली तो हिरवट-काळा लेप, गोमूत्राचा वास नाकात. खानदेशात कोवळं ऊन म्हणून फार काही मिळत नाही. फेब्रुवारी संपला की आठ वाजताच धाबी तापतात. शेजारच्या धाब्यांवर बाया पापड-कुरडया घालायला चढायच्या आणि माझ्याकडे पाहून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. घरात पथ्य होतं: आंबट नाही, मीठ नावाला, दूध नाही, दही नाही. आबांनी एवढंच सांगितलं होतं. आत्यानं त्यात पांढरं ते सगळं जोडलं. भात, मुळा, केळं, साखर, खोबरं. पांढरं खाल्लं की पांढरं होतं, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. मी तिला विचारलं, "मग म्हशीनं दूध कसं दिलं? ती तर हिरवं खाते." तिनं नानांकडे पाहिलं. नाना वर्तमानपत्र वाचत राहिले.

आणि तरीही चौथ्या महिन्यात डागाच्या आत दोन तपकिरी ठिपके उगवले. मोहरीपेक्षा बारीक. मी ते आरशात तासन्‌तास पाहायची. आबांनी भिंग लावून पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. "केसांच्या मुळातून येतोय रंग," ते म्हणाले. "घाई करू नका. वर्ष लागेल."

वर्ष कुणाजवळ होतं? जळगावहून स्थळ आलं होतं. मुलगा पाइपांच्या कारखान्यात सुपरवायझर, घर स्वतःचं, मुलीला बारावी झाल्यावर घेऊन जाऊ म्हणत होते. माझी बारावी झाली की नाही याची चौकशी कुणी केली नाही, पण ओठाखाली काय आहे ते दिसू नये याची तयारी सुरू झाली. खरं बोलणारा वैद्य आता आमच्या घराच्या उपयोगाचा नव्हता.

जळगावात स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये महिन्यातल्या एका रविवारी एक वैद्यराज उतरायचे. कुठून यायचे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची जाहिरात मुताऱ्यांच्या भिंतींपासून पुलाच्या कठड्यापर्यंत चुन्यानं लिहिलेली असायची. कोड मुळापासून, खात्रीनं. नाना मला घेऊन गेले. लॉजच्या व्हरांड्यात बाकावर दहा-बारा माणसं बसली होती, बायांनी पदर तोंडावर ओढलेले, पुरुषांनी उपरणी. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

वैद्यराज गादीवर मांडी घालून बसले होते. गळ्यात रुद्राक्ष आणि स्टेथोस्कोप, दोन्ही. पुढ्यात फोटोंचा अल्बम, आधी आणि नंतर. आधीच्या फोटोतली बाई वेगळी आणि नंतरची वेगळी, हे मला दुसऱ्याच पानावर दिसलं. नाना प्रत्येक फोटोपुढे मान हलवत होते. वैद्यराजांनी माझ्या चेहऱ्याला हात लावला नाही. पेन्सिलीचं मागचं टोक हनुवटीखाली घालून त्यांनी माझं तोंड वर केलं.

"लग्नाची आहे ना?"

"हो," नाना म्हणाले.

"एकवीस दिवस. पुराणा आयुर्वेद आहे, सर. साइड इफेक्ट नाही."

त्यांनी एक काळी बाटली काढली. मी विचारलं, "यात काय आहे?"

ते माझ्याशी बोललेच नाहीत. नानांना म्हणाले, "रोग्यानं औषधाचं नाव विचारलं की औषधाचा गुण जातो."

जो माणूस प्रयोगशाळेत लेबल नसलेल्या बाटलीला हात लावणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभं करायचा, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मध्ये बोलू नकोस."

घरी आईनं बूच काढलं, वास घेतला आणि बाटली लांब धरली. तिच्या माहेरी पायात काटा मोडला, टाच फुटली की बिब्बा तापवून त्याचं तेल घालायचे. परीट कपड्यांवर खुणा घालतात तोही बिब्बाच. "हाऊ ते बिब्बा शे," आई म्हणाली. "पोरनं तोंड जयी जाई." तोंड जळेल पोरीचं. नाना म्हणाले, "तुला चौथीपर्यंत तरी शिकवलंय का कुणी?" आई गप्प बसली. मला आजही तिचा राग येतो की ती गप्प बसली. स्वतःचा जास्त येतो, कारण लेप मी माझ्या हातानं लावला. मला तो मुलगा नको होता, जळगाव नको होतं, पण डाग जायला हवा होता. त्यासाठी मी बिब्बाच काय, डांबरही लावलं असतं.

डाग तीन दिवसांत काळा झाला. माझ्या रंगापेक्षा जरा जास्तच काळा, पण पांढरा नाही, एवढं घराला पुरलं. आत्यानं मारुतीला नारळ फोडला. नानांनी शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना आयुर्वेदाचं महत्त्व समजावून सांगितलं. सहाव्या दिवशी तिथं आग सुरू झाली. आठव्या दिवशी ओठ सुजला, काळ्या सालीखालून पाणी सुटलं आणि गाल डोळ्यापर्यंत वर चढला. नवव्या दिवशी पाहुणे यायचे होते.

"पुढे ढकला," आई म्हणाली.

"ते काय रोज रोज जळगावहून येणार आहेत?" आत्या म्हणाली. "सांगू मधमाशी चावली."

आणि मला त्या तोंडानिशी बाहेर आणलं. गुलाबी साडी, हातात पोह्यांचा ट्रे, अर्धा चेहरा पपईसारखा. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा घास तोंडातच थांबला.

"तोंडाला काय झालं हो मुलीच्या?"

नाना हसले. तसं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. लाचार माणूस हसतो तसं. "मधमाशी," ते म्हणाले. "मागच्या अंगणात पोळं आहे."

आमच्या मागच्या अंगणात एक मोरी होती आणि एक तुळस.

मी ट्रे खाली ठेवला. म्हणाले, "मधमाशी नाही. कोड आहे मला. त्यावर बिब्बा लावलाय, म्हणून सुजलंय." ओठ हलत नव्हता, त्यामुळे शब्द एकमेकांत लडबडले आणि मामाला कळलं नाही. त्यानं विचारलं, "काय आहे म्हणते?" मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मी मोठ्यानं सांगितलं.

मुलाच्या आईनं बशी ठेवली आणि सरळ मोरीवर जाऊन साबण लावून हात धुतले. दोनदा. तिनं मला स्पर्शही केला नव्हता. वडील आणि मामा चपला शोधायला लागले. मुलगा मात्र मान खाली घालून पोहे संपवत होता. बशीत एक शेंगदाणाही न ठेवता तो उठला. मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त तिरस्कार त्याचाच वाटला, त्याच्या आईपेक्षाही. ती निदान काहीतरी करत तरी होती.

पाहुणे गेल्यावर आत्या रडली. आईनं मात्र चपला घातल्या, माझा हात धरला आणि मला आबांच्या दुकानात नेलं. नाना मागून आले, येऊ नका म्हणायचं कुणाला सुचलं नाही म्हणून. आबांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांच्या हातातला बत्ता खाली आदळला.

"बिब्बा? चेहऱ्याला? मास्तर, अडाणी माणसाला मी दोनदा समजावतो. तुम्हाला किती वेळा समजावायचं?"

नाना म्हणाले, "वैद्यच होते तेही."

"ते वैद्य आणि मग मी कोण, भुसार व्यापारी?"

त्यांनी काशाच्या ताटात तूप घेऊन ते पाण्यानं शंभर वेळा धुवायला सांगितलं. आईनं ते रात्रंदिवस फेटलं, लोण्यासारखं पांढरंशुभ्र होईपर्यंत, आणि माझ्या ओठाला लावत राहिली. तीन आठवड्यांत जखम भरली. काळी साल निघाली आणि खाली डाग पूर्वीच्या दुप्पट झाला होता. ते दोन तपकिरी ठिपके नव्हते. आबांनी भिंग लावलं, बराच वेळ लावलं, आणि म्हणाले, "इथली मुळं जळाली, पोरी. इथं आता अवघड आहे." मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही.

पुढच्या रविवारी, लॉजवर वैद्यराज यायच्या दिवशी, मी एकटी जळगावला गेले. आईला सांगितलं होतं, नानांना नाही. बाटली बरोबर घेतली होती. व्हरांड्यात तेच बाक, तशीच माणसं. माझ्या शेजारी एक बाई चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या पापणीवर पांढरा डाग होता. पापणीवर! मी उठून उभी राहिले, ओढणी बाजूला केली आणि सगळ्यांना माझं तोंड दाखवलं. "हे यांच्या औषधानं झालंय," मी म्हणाले. "बिब्ब्याचं तेल आहे. ह्या लेकराच्या डोळ्याला लावू नका."

पदर आणि उपरणी आणखी वर ओढली गेली. मग एक म्हातारा उपरण्याआडून म्हणाला, "पथ्य पाळलं नसशील."

"पाळलं होतं."

"नाहीच पाळलं," दुसरा म्हणाला.

आवाज ऐकून वैद्यराज दारात आले. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. एकदा वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "दही खाल्लं हिनं." बाकावरच्या सगळ्या माना एकदम हलल्या. त्यांना बरं वाटलं होतं, स्पष्ट दिसत होतं. मी दही खाल्लं असेल तर त्यांचं औषध खरं ठरत होतं.

मी त्यांच्या बाजूनं आत शिरले आणि बाटली त्या गादीवर उपडी केली. वैद्यराजांची पांढरी चादर काळी झाली, आणि बिब्बा असल्यामुळे ती पुन्हा पांढरी होणार नव्हती, एवढं मला ठाऊक होतं. ते ओरडत असतानाच मी बाहेर पडले. दाराशी वळून पाहिलं. ती लेकुरवाळी बाई बाकावरून उठली होती. मला वाटलं, निघाली. तर ती माझ्या मोकळ्या झालेल्या जागेवर सरकून दाराजवळ बसली, म्हणजे नंबर लवकर येईल. त्या मुलीच्या पापणीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी त्या बाईला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या आहेत की तिला कधीच ठसका लागून मरण यायला हवं होतं. मग आठवतं, महिन्याभरापूर्वी त्याच बाकावर मीही बसले होते आणि कुणी येऊन तोंड दाखवलं असतं तर मीही हेच म्हणाले असते.

लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे मी होऊ दिलं नाही. नंतरही स्थळं आली: बिजवर, एक डोळा गेलेला, एक तर नुसताच आळशी. यांना कोड चालत होतं. मला ते चालत नव्हते.

नव्वद सालानंतर मी पोस्टात लागले, धुळ्याला. तोवर डाग हातांवर उतरले होते, बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत, आणि काउंटरवर हात लपवता येत नाहीत. तिकिटं माझ्या हातून घ्यायची नाहीत म्हणून लोक शेजारच्या लांब रांगेत उभे राहायचे. मी एक स्वेटर विणून पूर्ण केला त्या मोकळ्या वेळात. एकदा एक सोन्या-चांदीचा व्यापारी पाकीट लांबून सरकवत म्हणाला, "बाई, हातमोजे का नाही घालत?" मी म्हणाले, "तुम्ही घाला. तुम्हाला भीती वाटते, मला नाही."

आईला मी धुळ्याला आणलं. तिला तिची माणसं मिळाली, दिवसभर मनासारखं बोलायला मिळालं. नाना निवृत्त होऊन धरणगावातच राहिले आणि महिन्यातून एकदा एसटीनं यायचे. अशाच एका दुपारी ते पोस्टात आले आणि रांगेत उभे राहिले. माझ्या रांगेत, म्हणजे पुढे कुणीच नव्हतं. खिशातून त्यांनी वर्तमानपत्रातून कापलेली जाहिरात काढली. सफेद डाग, पूर्ण आयुर्वेदिक, घरपोच व्ही.पी.नं, पैसे पार्सल सोडवताना.

"मी मागवलंय तुझ्या नावानं," ते म्हणाले. "बिब्बा नाही यात. पत्र पाठवून विचारून घेतलं."

मी जाहिरात परत त्यांच्यापुढे सरकवली. मागे एक माणूस येऊन उभा राहिला होता, त्याला रजिस्टर करायचं होतं.

पार्सल दहा दिवसांनी माझ्याच टेबलावर आलं. अशी पार्सलं रोज यायची आमच्याकडे, साक्री, शिरपूर, दोंडाईचा, गावोगावची. लोक ती पिशवीत लपवून न्यायचे. मी माझं नाव वाचलं, नानांचं अक्षर नव्हतं, कुठल्यातरी कारकुनाचं होतं, आणि त्यात माझ्या आडनावाची चूक केली होती. पार्सलवर 'घेण्यास नकार' लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि ते परतीच्या पोत्यात टाकलं.

नाना पुढच्या महिन्यात आले तेव्हा आईनंच त्यांना सांगितलं. ते जेवत होते. घास हातात धरून म्हणाले, "उघडून तरी पाहायचं होतंस."

"आधी तुम्ही लावून पाहा," मी म्हणाले. "तुमच्या कोपराखाली चांगली वीतभर कोरी जागा आहे."

आई हसली. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. नाना तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी उठून त्यांच्या ताटात वांग्याचं भरीत वाढलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, पांढऱ्या बोटांकडे, आणि म्हणाले, "थोडं अजून वाढ."